चाळीस ग्रे

गंगाखेड, ६ जुलै

प्रिय ईश्वरी,

आशीर्वाद लिहायचा हक्क तू मला दिलेला नाहीस, आणि नमस्कार लिहावा तर मी वयानं मोठी. म्हणून नुसतंच प्रिय. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस हे मला ठाऊक आहे, त्याची तक्रार नाही. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण ते तुझ्या बाबांबद्दल आहे आणि त्यात बरी बातमीसुद्धा आहे. बरी आधी सांगते. ते शुद्धीवर आहेत, बोलतात, पोटभर जेवतात, आणि काल सकाळी मला रागावले, कारण मी त्यांची शिट्टी कपाटात ठेवून दिली होती.

आता दुसरी. जूनमध्ये एका सकाळी ते नेहमीसारखे ग्राउंडवर गेले होते. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मुलींचा खो-खो त्यांनी सोडलेला नाही, हे तुला मी काय सांगणार, तू त्यांच्याच हाताखाली खेळलीस. शिट्टी वाजवता वाजवता डावा हात थडथड उडायला लागला आणि ते पडले. मुलींनीच त्यांना रिक्षात घातलं. आधी वाटलं ऊन लागलं. परभणीला मेंदूचा एमआरआय केला, तिथून तसंच संभाजीनगरला पाठवलं. मेंदूत उजव्या बाजूला, मागच्या अंगाला गाठ होती. ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा तपासून आला, तेव्हा तिचं नाव कळलं. ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या गाठींमधली सगळ्यात आडदांड जात.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या एका बाईच्या फोनवरून मी तुला लावला होता. तू हॅलो म्हणालीस, मी "विमला बोलते" म्हणाले आणि फोन बंद झाला. तुला वाटलं असेल ही कशाला आता. म्हणून पत्र.

खरं काम पुढं आहे. दिसत होती तेवढी गाठ काढली, पण तिची मुळं आजूबाजूला शिरलेली असतात, ती चाकूनं निघत नाहीत. त्यासाठी किरणं द्यायची आणि सोबत गोळ्या. आमच्या डॉक्टर पाथरीकर म्हणून आहेत, तुझ्याच वयाच्या असतील, बोलायला लय सरळ. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, रोज थोडं थोडं असं सहा आठवडे, मिळून साठ ग्रे. ग्रे म्हणजे किरणांचं माप. दुसरा, रोज थोडं जास्त पण तीनच आठवडे, मिळून चाळीस ग्रे.

मी लगेच म्हणाले, "साठच द्या, त्यात काय विचारायचं."

तुझ्या बाबांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "डॉक्टर, साठ घेतले तर चाळीसपेक्षा जास्त जगेन का मी?"

"तुमचं वय एकाहत्तर. या वयाच्या लोकांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्यात. आयुष्य सारखंच मिळालं. सहा आठवड्यांत थकवा मात्र जास्त येतो, काहींना ते पूर्णच करता येत नाहीत."

"आणि ऐंशी दिले तर?"

डॉक्टर हसल्या. "तरुणांनासुद्धा जास्त देऊन पाहिलंय, सर. गाठ ऐकत नाही. चांगला मेंदू मात्र भाजून निघतो."

"आयुष्य म्हणजे किती?" हे पण त्यांनीच विचारलं. मी खाली बघत होते. डॉक्टर म्हणाल्या, या उपचारानंतर निम्मे लोक नऊ-दहा महिन्यांच्या पुढं जातात, निम्मे जात नाहीत. थोडेजण दोन वर्षंही ओलांडतात. तुमचं कोणत्या बाजूला पडेल ते मला आज सांगता येणार नाही.

तुझे बाबा म्हणाले, "मग ते तीन आठवडे माझे मला परत द्या. ऑक्टोबरात आमच्या पोरींचे सामने हायेत."

ईश्वरी, निर्णय त्यांनी केला आणि मी मान हलवली. पण गावात लोक काय बोलतात ते मी जाणते. दुसरी बायको, तिनं साठाचे चाळीस केले. उद्या तुझ्या कानावर तसं जाण्याआधी तू हे माझ्याकडून ऐकावंस असं वाटलं. तुला पटत नसेल तर आत्ताच सांग. अजून सुरुवात व्हायची आहे.

विमला


संभाजीनगर, ३१ जुलै

प्रिय ईश्वरी,

तुझा मेसेज बाबांच्या फोनवर आला, त्यांनी मला वाचून दाखवला. "विमलाबाईंना सांगा, माझ्या बाबांचा डोस त्यांनी ठरवू नये. अर्धी ट्रीटमेंट ही ट्रीटमेंट नसते." मी म्हणाले, रागानं का होईना, तिनं पत्र पूर्ण वाचलं. आणि खरंच सांगते, मला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

आता उत्तर. अर्धी नाही गं. मी डॉक्टरांना परत जाऊन विचारलं, तुझंच वाक्य वाचून दाखवलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, रोजचा वाटा मोठा केला की गाठीवर त्याचा घावही मोठा बसतो, म्हणून चाळीस आणि साठ यांची वजाबाकी सरळ करता येत नाही. आणि म्हणाल्या, तुमच्या मुलीला माझा नंबर द्या, ती मला हवं ते विचारू शकते. सोबत नंबर लिहिलाय. त्यांना फोन कर. माझ्याशी बोलायची गरज नाही.

इथं दवाखान्याजवळ एक खोली घेतलीय. तुझ्या बाबांची किरणं सुरू झालीत आणि तू त्यांना बघायला पाहिजे होतंस. चेहऱ्यावर गरम जाळी दाबून त्याचा साचा करतात, म्हणजे डोकं रोज त्याच जागी राहावं. ती जाळी टेबलाला अडकवतात, सगळे बाहेर जातात, आणि ते यंत्र त्यांच्याभोवती फिरतं. दहा मिनिटांत बाहेर. पहिल्या दिवशी मी दाराशी रडायच्या बेतात होते, तर हे गालावर जाळीचे चौकोन घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "विमल, आत गारेगार हाय. एसी घेऊ का आपण?"

मेंदूची सूज उतरायला ज्या गोळ्या देतात, त्यांनी भूक भडकते आणि झोप उडते. एका बसणीला चार भाकरी. आणि बोलणं तर विचारूच नको. बाहेरच्या बाकांवर किरणांसाठी बसलेली माणसं असतात, बीडची, हिंगोलीची, पार बुलढाण्याची. त्यांना हे रोज खो-खो शिकवतात. काल औषधांची रिकामी खोकी ओळीनं मांडली, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं, आणि घशाचा आजार असलेल्या एका आजोबांना विचारतात, "आता खो कुणाला देणार?" आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं. बरोबर ठेवलं. हे एवढे खूश झाले की नर्सनं येऊन दोघांनाही गप्प केलं.

मी यातलं सगळं का लिहिते? कारण मला सांगायला दुसरं कुणी नाही, आणि या माणसाला इतकं ओळखणारं तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. एक गोष्ट मात्र बदललीय. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही. डोळा चांगला आहे, पण डोळ्यानं पाहिलेलं मेंदूत पोचत नाही. ताटात डावीकडं वाढलेलं तसंच राहतं. दाराची डावी चौकट खांद्याला लागते. डॉक्टर म्हणाल्या, ते बहुधा असंच राहील.

कानामागचे केस गळायला लागलेत. टोपी आणलीय, घालत नाहीत.

विमला


गंगाखेड, १९ सप्टेंबर

प्रिय ईश्वरी,

आज तुला नवीनच सांगते. मला खो-खो कळायला लागला.

हसशील. सात वर्षांच्या संसारात मी एकदाही ग्राउंडवर गेले नव्हते. मी पालमच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, धावणं माझ्या रक्तात नाही. पण झालं असं की घरी आल्यावर चौथ्या दिवशी हे चालत ग्राउंडवर गेले. मी पाठोपाठ, छत्री घेऊन. मुली रडायला लागल्या, यांनी शिट्टी वाजवली आणि डाव सुरू केला. थोड्या वेळानं लक्षात आलं की मैदानाचा डावा अर्धा भाग यांना दिसतच नाही. पळणारी मुलगी डावीकडं गेली की यांच्यासाठी ती नाहीशी होते. मुलींच्या लक्षात आलं, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि तुझ्या बाबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

मी जाऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. म्हणाले, "डावीकडं दोघी आहेत. एक खुंटाशी, एक मधे."

"कोण खुंटाशी?"

"मला नावं माहीत नाहीत. लाल रिबीन."

"ती मनीषा. कोणत्या पायावर उभी हाय?"

आणि तिथून रोज. मी डावीकडचं सांगते, ते उजवीकडचं बघतात, आणि दोन्ही जोडून ओरडतात. आता मला नावं येतात. कोण दमलं की नाक पुसतं, कोण घाबरलं की आधीच उडी टाकतं, हे मी यांच्या आधी सांगते. संघप्रिया म्हणून कप्तान आहे, पालमजवळच्या खेड्यातली, एसटीनं येते. ती परवा म्हणाली, "मॅडम, तुमी सांगायलात ते सरांपेक्षा भारी हाय." सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी येऊन पाय दुखतात आणि मला लय बरं वाटतं.

स्कॅनचं लिहायचं टाळत होते. इतकं सगळं लिहून झालं तरी तेच राहिलंय, तर लिहिते. किरणं संपल्यावर महिन्यानं एमआरआय झाला. जागेवरचा डाग आधीपेक्षा मोठा आलाय.

डॉक्टर म्हणाल्या, दोन शक्यता आहेत. गाठ वाढली असेल. किंवा किरणांनी मेलेल्या पेशींची आणि सुजेची ती सावली असेल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्कॅन अशी फसवणूक करतो, दोन्ही एकसारखंच दिसतं. तुमच्या सरांची तब्येत चांगली आहे, चालतात, बोलतात, म्हणून मला दुसऱ्या शक्यतेची आशा जास्त आहे. गोळ्या चालू ठेवू, दोन महिन्यांनी परत बघू.

मी विचारलं, "साठ दिले असते तर असं आलं नसतं का?"

"साठ दिल्यावरही असं येतं, काकू."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण रोज सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार तोच येतो, आणि तुझ्यापासून तो लपवला तर या पत्रांना अर्थ नाही. स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट रजिस्टरनं वेगळे पाठवलेत. मुंबईला, पुण्याला, जिथं तुझी ओळख असेल तिथं दाखव. ते म्हणाले आम्ही चुकलो, तर मला तसंच कळव. गोड करून सांगू नकोस.

बाबांना डागाचं माहीत आहे. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "सामने पुढं ढकलायची गरज न्हाई ना?"

विमला


गंगाखेड, १४ नोव्हेंबर

ईश्वरी,

सगळं एकदम सांगायचंय. क्रमानं सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

तू बाबांना फोन केलास त्या संध्याकाळपासून धरते. मी स्वयंपाकघरात होते. मला यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हां. हां बाळा. मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले?" मग बराच वेळ काही नाही. मी गॅस बंद केला. मग, "म्हणजे तेच की. थांबा म्हणाले." मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "न्हाई गं, ती तसली न्हाई." तू काय विचारलंस ते मी त्यांना विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. फोन ठेवून ते आत आले आणि म्हणाले, "ईश्वरी जेवली का ते विचारायचं राहिलं." त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली.

मग परभणीचे सामने. ऑक्टोबरातले पुढं ढकलून गेल्या आठवड्यात झाले. उपांत्य फेरी जिंतूरच्या संघाशी. त्या मुली आपल्यापेक्षा उंच, दांडग्या. शेवटचा डाव, पाठलाग आपला, गुण बरोबरीत. आणखी एक गडी बाद केला की आपण फायनलला. जिंतूरची एकच मुलगी राहिलेली, हरणासारखी. आपल्या पोरींना ती सापडेना. घड्याळ धरलेला माणूस मान खाली घालून बसलेला.

हे उजवीकडं बघत होते आणि ती डावीकडं. मी सांगत होते. "खुंटाच्या मागं. वळली. परत वळली. बाप रे, किती पळते ही."

"विमल, नीट बघ. वळताना कोणता पाय टेकते?"

मी बघितलं. डोळ्यांत पाणी येत होतं, तरी बघितलं. "उजवा. दर वेळी उजवा. आणि आता कमरेवर हात ठेवायलीय."

तुझ्या बाबांनी शिट्टी तोंडातून काढली आणि असा आवाज टाकला की मंडपातली माणसं वळली. "संघप्रिया, उजव्या पायावर. खुंट सोडू देऊ नको तिला."

संघप्रियाला खो मिळाला. ती सरळ न जाता खुंटाच्या बाजूनं गेली, ती मुलगी वळली, उजवा पाय टेकला, आणि संघप्रियानं सूर मारला. आडवी, पूर्ण लांब. बोटं तिच्या टाचेला लागली. लागली की नाही ते मला दिसलं नाही, पंचाचा हात दिसला. मग शिट्टी.

मी ओरडले. मी, विमला, जिनं वर्गात कधी आवाज चढवला नाही. यांनी मला उजव्या हातानं जवळ ओढलं, भर मैदानात, सगळ्यांसमोर. मुली आमच्या अंगावर येऊन पडल्या. संघप्रियाच्या कोपराला खरचटलं होतं, रक्त यायलं होतं, आणि ती म्हणत होती, "सर, तुमाला दिसलं का? सर, दिसलं का?" हे म्हणाले, "सगळं दिसलं."

फायनल आपण सडकून हरलो. सेलूच्या मुलींनी पाणी पाजलं. परतीच्या बसमध्ये पोरी थोड्या रडल्या, मग परभणी मागं पडल्यावर गाणी म्हणायला लागल्या.

आणि परवा स्कॅन. डॉक्टर पाथरीकरांनी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी लावली, सप्टेंबरचं आणि आत्ताचं. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण मोठं आणि छोटं कळतं. डाग आक्रसलाय. अर्ध्याहून लहान झालाय. ती सूज होती, ईश्वरी. गाठ वाढली नव्हती. किरणं काम करत होती आणि आम्ही दोन महिने त्यालाच घाबरत होतो.

"काकू, बसा," डॉक्टर म्हणाल्या. मी उभीच होते.

मग त्यांनी दुसरंही सांगितलं, आणि ते तुला सांगितलंच पाहिजे. गाठ गेली असं नाही. ती परत येईल. या महिन्यात नाही, कदाचित पुढच्या काही महिन्यांतही नाही, पण येईल. मिळालेला वेळ चांगला आहे, तो वापरा.

तुझ्या बाबांनी विचारलं, "प्रवास करू का?"

"कुठं जायचंय?"

"जवळच. नाशिकला."

डॉक्टर म्हणाल्या, "झटके थांबलेत, गोळ्या सोबत ठेवा, आणि जा."

मी हे तुला सांगू नये असं ठरलं होतं, कारण त्यांना न कळवता तुझ्याकडं यायचंय. पण मी कळवते. तू नको म्हणालीस तर तिकीट रद्द करीन आणि कारण माझ्या अंगावर घेईन. तू काहीच कळवलं नाहीस तर आम्ही निघू.

विमला


नाशिक, ७ डिसेंबर, दुपार

ईश्वरी,

ही चिठ्ठी तुझ्या शेजारच्या शुभदाताईंकडं ठेवून जातेय.

तू कळवलं नाहीस, म्हणून आम्ही आलो. गाडी वेळेवर होती. बाबा तुझे दोन जिने स्वतःच्या पायांनी चढले, मी नुसती मागं होते. दाराला कुलूप होतं. ते पायरीवरच बसायला निघाले, तेवढ्यात शुभदाताईंनी दार उघडलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं, ईश्वरीचे वडील. त्या म्हणाल्या, "ती साडेपाचला येते बँकेतून. सकाळी सांगून गेलीय मला, कुणी आलं तर आत घ्या म्हणून."

हे ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तुला पत्र लिहिलंय हे त्यांना तेव्हाच कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं केलंस."

त्यांना वरण-भात दिला शुभदाताईंनी. जेवले, आणि समोरच्या पलंगावर लगेच झोपले. प्रवासानं थकतात आता, आणि दुपारी पुष्कळ झोपतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. झोपेत तोंड थोडं उघडं राहतं. डोक्याच्या उजव्या बाजूला केस नाहीत आणि खूण लांब आहे. ती एकदम दिसली तर धक्का बसेल, म्हणून आधी लिहिते.

मी गोदावरीच्या घाटाकडं जाऊन येते. आपल्या गावावरून वाहते ती इथून जवळच निघते, म्हणून बघायची लय इच्छा होती. दिवे लागेपर्यंत परत येत नाही. तुम्हा दोघांना तेवढा वेळ पाहिजे.

गोळी सहाला आहे, हिरव्या डबीत.

तू आलीस की ते झोपलेले असतील आणि तुला वाटेल, झोपू द्यावं बिचाऱ्यांना. झोपू देऊ नकोस, ईश्वरी. उठव त्यांना.

विमला